'पब्लिक' म्हणजे कोणाचे?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा विषयाचे बंधन त्यांनी घातले नाही. शाळेच्या उभारणीची कहाणी, संस्थापकांनी सोसलेले कष्ट, पत्र्याच्या शेडमध्ये भरलेले पहिले वर्ग, हे सारे या अंकात अधिकारी मंडळींनी लिहिलेले असेलच. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. तेव्हा एका शब्दाचा इतिहास सांगून आपला वाटा उचलावा, असे आम्ही ठरविले. शब्द इंग्रजी आहे, पण तो न कळणारा माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. तो शब्द म्हणजे 'पब्लिक'.

हा शब्द निवडण्यास कारणही घडले. मागील माजी विद्यार्थी मेळाव्यात दोन सूचना पुढे आल्या. पहिली अशी की, शाळेच्या नावाला 'पब्लिक स्कूल' ही जोड द्यावी, इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढावेत आणि ज्यांना परवडते त्यांच्याकडून रीतसर शुल्क घ्यावे. दुसरी अशी की, ही शाळा आपल्या समाजाच्या घामातून उभी राहिली आहे. तेव्हा वसतिगृहातील जागा आधी आपल्या मुलांना मिळाव्यात, उरल्या तर इतरांना. दोन्ही सूचना करणारे आपलेच विद्यार्थी होते आणि दोघांच्याही बोलण्यात शाळेविषयीची कळकळ होती. एकाने सांगितले की, मुलाखतीला गेले आणि शाळेचे नाव घेतले की समोरचा माणूस आपली जात, आपले वसतिगृह, आपले आरक्षण असा सगळा हिशेब डोळ्यांतच मांडून मोकळा होतो. हे दुःख खोटे नाही. संस्थेचा निर्णय अद्याप व्हायचा आहे. तो होण्यापूर्वी, ज्या एका विशेषणाभोवती या दोन्ही सूचना फिरत आहेत, त्या विशेषणाचा अर्थ आपण सर्वांनी मिळून तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मराठीत 'पब्लिक' इतके रुळले आहे की ते मुळात विशेषणही आहे, याचा आपल्याला विसर पडतो. 'सभेला पब्लिक लोटली', 'पब्लिकला सगळे कळते' असे आपण म्हणतो तेव्हा ते नाम असते आणि त्याचा अर्थ गर्दी, लोक, प्रेक्षक असा काहीतरी होतो. इंग्रजीत मात्र त्याचा मोठा संसार विशेषण म्हणून आहे. हे विशेषण मराठीत आणताना आपल्या भाषांतरकारांना किती वेगवेगळे शब्द वापरावे लागले, ते पाहण्यासारखे आहे. पब्लिक प्रॉसिक्युटर म्हणजे सरकारी वकील. पब्लिक सर्व्हिस कमिशन म्हणजे लोकसेवा आयोग. पब्लिक वर्क्स म्हणजे सार्वजनिक बांधकाम. पब्लिक नोटीस म्हणजे जाहीर नोटीस. पब्लिक ओपिनियन म्हणजे लोकमत आणि पब्लिक इंटरेस्ट म्हणजे जनहित. इंग्रजीत एकच असलेला शब्द मराठीत येताना सरकारी, सार्वजनिक, जाहीर, लोकांचा आणि लोकहिताचा अशी निरनिराळी वस्त्रे नेसून येतो.

या अर्थांची नीट लावणी केली तर चार प्रश्न हाती येतात. ही गोष्ट कोणाच्या पैशाने चालते? ती कोणासाठी खुली आहे? तिचा कारभार कोणाला दिसतो? आणि तिचे बरेवाईट कोणाला भोगावे लागते? चारही प्रश्नांचे उत्तर 'सर्व लोक' असे येत असेल, तर ती गोष्ट पूर्णार्थाने 'पब्लिक' होय. व्यवहारात मात्र बहुतेक वेळा एखाद्या प्रश्नाचे उत्तर तसे येते आणि बाकीचे प्रश्न कोणी विचारत नाही. या शब्दाचा सारा गोंधळ तेथेच सुरू होतो.

शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'पोपुलुस' म्हणजे लोक. त्यावरून 'पुब्लिकुस', म्हणजे लोकांचे. इंग्रजीतील 'पीपल' हा शब्द त्याच मुळाचा. 'पब्लिश' म्हणजे प्रसिद्ध करणे, तोही त्याच घरचा. इंग्लंडमधील दारूच्या गुत्त्याला 'पब' म्हणतात, ते 'पब्लिक हाऊस'चे लघुरूप. आणि 'रेस पुब्लिका', म्हणजे लोकांची गोष्ट, लोकांची मालमत्ता, यावरून 'रिपब्लिक' हा शब्द झाला. ज्या प्रजासत्ताकाचा दिवस आपण दरवर्षी २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात साजरा करतो, त्या शब्दाच्या पोटातच 'पब्लिक' बसलेले आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट विसरू नये. रोमच्या त्या प्रजासत्ताकात गुलामांची गणना 'पोपुलुस'मध्ये होत नव्हती आणि स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. म्हणजे शब्द जन्मला तेव्हाच त्याच्या पाठीला एक प्रश्न चिकटून आला : लोकांचे खरे, पण लोक म्हणजे कोण?

आपल्या महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात 'सार्वजनिक' हा शब्द प्रतिष्ठा पावला. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. त्याच पुण्यात, त्यापूर्वी दोन वर्षे, १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. हौद खाजगी, घर खाजगी, पण पाणी सर्वांचे. उलट शहरातील जे हौद सर्वांचे म्हणून बांधलेले होते, त्यांवर अस्पृश्यांना मज्जाव होता. जोतीरावांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या ग्रंथाच्या नावात 'सार्वजनिक' हा शब्द आहे, हे आम्हांस योगायोगाचे वाटत नाही. 'सर्व' आणि 'जन' हे दोन शब्द त्यांनी त्यांच्या पूर्ण अर्थाने घेतले होते.

शब्द आणि व्यवहार यांतील ही फारकत आम्ही लहानपणी पाहिलेली आहे. आमच्या गावात एक विहीर होती. तिच्या कठड्याला सिमेंटच्या गिलाव्यात 'सार्वजनिक विहीर' अशी अक्षरे कोरलेली होती. अक्षरओळख झाल्यावर आम्ही बाहेर वाचलेल्या पहिल्या शब्दांपैकी ते दोन शब्द होत. त्या विहिरीवर आमची आई आणि वस्तीतील इतर बायका कठड्यापासून चार हात दूर उभ्या राहत आणि कोणी दयाळू बाई येऊन आपल्या पोहऱ्यातले पाणी वरून त्यांच्या घागरीत ओतीपर्यंत वाट पाहत. आम्ही आईला एकदा विचारले, "सार्वजनिक म्हणजे काय गं?" आईला लिहितावाचता येत नव्हते. ती म्हणाली, "सगळ्यांची." आणि पुढे काहीच बोलली नाही. हे संविधान लागू होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाल्यानंतरचे आहे. पुढे वस्तीत हातपंप आला, मग नळ आला आणि त्या विहिरीचे महत्त्वच संपले. विहीर खुली झाली असे म्हणावे, तर तसे कधी घडलेच नाही. ती फक्त ओस पडली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणीही असाच एक नळ होता. तो शाळेत होता. वर्गातील इतर मुले तहान लागली की जाऊन पाणी पीत. भीमराव मात्र शिपायाने येऊन तोटी उघडल्याखेरीज पाणी पिऊ शकत नव्हते. शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच राही. शाळा सर्वांची, नळ शाळेचा, पण तोटीवरचा हात कोणाचा, या प्रश्नाने त्या मुलाचा पुढे आयुष्यभर पिच्छा पुरविला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव मंजूर झाला. या ठरावात आमचे विशेषण पुनःपुन्हा येते. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या कारभारातील सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय आहे. येथे 'पब्लिक'ची कसोटी स्वच्छ सांगितलेली आहे : पैसा सर्वांचा असेल तर दार सर्वांना उघडे असले पाहिजे. या ठरावातील 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी पैशावर चालणारी साधी शाळा, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचा पुढे उपयोग आहे.

या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे त्या तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर जे घडले, ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली, २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. पण त्याच डिसेंबरात न्यायालयात दाखल झालेल्या एका दाव्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दावा लावला की, हे तळे सार्वजनिक नाहीच. ते स्पृश्य हिंदूंच्या खाजगी स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि त्यामुळे दुसऱ्या परिषदेच्या वेळचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला.

वाचकहो, या दाव्याचा गाभा पाहा. तळ्यात पाणी आहे की नाही, ते कोणी खणले, त्यावर खर्च किती झाला, हे सारे प्रश्न शेवटी एका विशेषणाशी येऊन थांबतात. तळे पब्लिक आहे की प्रायव्हेट? ज्या तळ्यावर परधर्मीयांना आडकाठी नव्हती, गुरेढोरे जेथे मुक्तपणे पाणी पीत होती, ते तळे एका विशिष्ट समाजाने ओंजळ पुढे करताच एकाएकी खाजगी झाले. प्रकरण महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला आणि सवर्णांचे अपील फेटाळले. पाणी पिण्यास एक दिवस लागला होता. ते पाणी सर्वांचे आहे, हे सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली.

या निकालाची एक बारीक बाजू आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, एवढ्यावर न्यायालयाने निकाल दिला. ती सिद्ध झाली असती तर अशी वहिवाट मुळात न्याय्य मानायची काय, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही. म्हणजे खटला जिंकला, पण तत्त्वाचा प्रश्न उभाच राहिला. दुसऱ्या एखाद्या गावच्या दुसऱ्या एखाद्या विहिरीवर कोणी वहिवाट सिद्ध केली असती तर काय झाले असते? याचे उत्तर न्यायालयाने दिले नाही. ते संविधानाने दिले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांवर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या आधारे कोणालाही अडविता येणार नाही, असे सांगितले. हे बंधन केवळ शासनावर नाही, प्रत्येकावर आहे. मराठी संविधानातला 'राबता' हा शब्द आम्हांस फार आवडतो. जेथे लोकांचे येणेजाणे आहे, ती जागा लोकांची.

त्याच खंडात 'दुकाने' असा शब्द आहे आणि त्यामागे 'सार्वजनिक' हे विशेषण नाही. १९४८ साली संविधान सभेत या शब्दावर प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की, येथे दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घेतलेला आहे. ठरलेला मोबदला घेऊन आपली सेवा लोकांपुढे मांडणारा प्रत्येक जण त्यात येतो. न्हावी आला, धोबी आला. मालकी खाजगी असली तरी ज्याने दार लोकांसाठी उघडले, त्याने ते निवडक लोकांसाठी उघडून चालणार नाही. खाजगी मालकी आणि सार्वजनिक कर्तव्य एकाच जागी कशी नांदू शकतात, ते या एका शब्दात दिसते.

येथे आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे जे गुरू होते, ते तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचा, पब्लिक आणि त्याच्यापुढील प्रश्न या विषयावरचा ग्रंथ १९२७ साली, म्हणजे महाडच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. ड्युईंचे म्हणणे थोडक्यात असे : दोन माणसांच्या व्यवहाराचे परिणाम त्या दोघांपुरते राहिले तर तो खाजगी व्यवहार, ते परिणाम व्यवहारात नसलेल्या इतरांवरही होऊ लागले आणि त्यांची काळजी वाहण्याची गरज निर्माण झाली, की त्या सर्वांचे मिळून 'पब्लिक' बनते. आमच्या चार प्रश्नांतील चौथा प्रश्न तो हाच. गुरू अमेरिकेत हा विचार मांडत होता, त्या वर्षी शिष्य कोकणातल्या एका तळ्याच्या काठावर उभा होता.

पाणी आणि 'सर्व' यांचे नाते आपल्या भूमीत महाडपेक्षाही जुने आहे. महाडजवळच गांधारपाले येथे डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि तेथे कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. अशा टाक्यांना सातवाहनकालीन शिलालेखांत 'पोढी' म्हणतात. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्याने लेणे खोदविले आणि पोढी करविल्या, याची त्यांत नोंद आहे. लेणे अर्पण केले आहे ते 'चातुदिस' संघाला, म्हणजे चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंना. जो आला, तो आपला. याच लेखांत त्याने बांधलेल्या विश्रामशाळा, तळी, विहिरी, नदीकाठच्या पाणपोया आणि नद्यांवर ठेवलेल्या विनामूल्य नावा यांचाही उल्लेख आहे. ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही नोंद त्यात आहे, हे सांगणे इतिहासाच्या शिक्षकाचे कर्तव्य होय. ज्या भूमीत तहानलेल्याला त्याची दिशा न विचारता पाणी देण्याची ही रीत दगडावर कोरली गेली, त्याच भूमीत पुढे घागरीपासून चार हात दूर उभे राहण्याची वेळ आली.

आता 'पब्लिक स्कूल'कडे वळू. इंग्लंडमध्ये या शब्दांचा अर्थ आज असा आहे की, परदेशी माणसाचा गोंधळच व्हावा. तेथे पब्लिक स्कूल म्हणजे भरमसाट शुल्क घेणारी, उच्चभ्रूंची, बहुधा निवासी अशी खाजगी शाळा. याउलट अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, विनाशुल्क शाळा. एकाच भाषेत एकच विशेषण एकमेकांच्या उलट अर्थाने कसे वापरले जाते, याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्लंडमधील विंचेस्टरची शाळा १३८२ साली निघाली, ईटनची १४४० साली. सहाव्या हेन्री राजाने ईटनमध्ये ७० गरीब विद्यार्थ्यांच्या मोफत शिक्षणाची तरतूद केली होती. श्रीमंतांची मुले घरी खाजगी शिक्षकाकडून शिकत. या शाळा त्या अर्थाने 'पब्लिक', की तेथे कोणत्याही गावचा विद्यार्थी येऊ शकत होता. पुढे शुल्क देणाऱ्या मुलांची संख्या वाढत गेली आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी काढलेली शाळा सत्ताधाऱ्यांची पाठशाळा झाली. १८६१ साली तेथील नऊ नामांकित शाळांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८६८ साली त्यांपैकी सात शाळांसाठी पब्लिक स्कूल्स ॲक्ट झाला, तोवर शब्दाचा अर्थ पुरता उलटला होता. दार बदलले, पाटी तीच राहिली.

भारतात हा शब्द आला तो हा उलटलेला अर्थ घेऊन. १९३५ साली देहराडूनला निघालेली डून स्कूल ही त्या इंग्रजी नमुन्यावरची शाळा. मग ती प्रतिष्ठा शब्दाला चिकटली आणि आज तालुक्याच्या गावी दोन गाळ्यांत भरणाऱ्या बालवर्गावरही 'इंग्लिश पब्लिक स्कूल' अशी पाटी असते. आपल्या पालकांना त्या पाटीची ओढ वाटते, यात त्यांचा दोष नाही. ज्या माणसाच्या आजोबाला शाळेच्या पायरीवर बसविले गेले, त्याला आपल्या नातवाच्या गळ्यात टाय पाहून समाधान वाटले तर त्याला हसणारे आम्ही कोण?

तरीही आम्ही विचारतो : ईटन ज्या वाटेने गेले, ती वाट आपण जाणूनबुजून धरावी काय? आपलीही शाळा निवासी आहे. तीही गरिबांच्या मुलांसाठी निघाली. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, ती परंपरा आपल्यामागे आहे. १९४५ साली बाबासाहेबांनी शिक्षणसंस्था काढली तेव्हा तिच्या नावात 'पीपल्स' हा शब्द घातला. 'पब्लिक'चाच तो सख्खा भाऊ, पण सरळ अर्थाचा. शुल्क घेणारा वर्ग आणि विनाशुल्क वर्ग एकाच आवारात आले की काही वर्षांत दोन भोजनगृहे होतात, मग दोन प्रवेशद्वारे होतात. आरंभी कोणाच्याच मनात तसे नसते.

आणि आपल्याला हे विशेषण बाहेरून आणण्याची गरजही नाही. आपली संस्था मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली नोंदलेली आहे. कार्यालयात भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे, ते पुन्हा एकदा वाचावे. आपण 'पब्लिक ट्रस्ट' आहोत. म्हणजे विश्वस्त हे मालक नव्हेत; ते लोकांच्या वतीने सांभाळणारे. हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो तो त्यामुळेच. पाटीवर जे विशेषण लावावे की काय याची चर्चा चालली आहे, ते पहिल्या दिवसापासून आपल्या पायात आहे.

हीच गोष्ट दुसऱ्या सूचनेलाही लागू पडते. 'शाळा आपल्या समाजाने उभारली', हे अक्षरशः खरे आहे. विटा वाहणाऱ्या माता आम्हांस ठाऊक आहेत. एक दिवसाची मजुरी देणगी म्हणून देणारे शेतमजूर आम्हांस ठाऊक आहेत. पण चवदार तळ्याभोवती राहणारेही हेच म्हणत होते : तळे आमच्या वाड्यांभोवतीचे, वहिवाट आमची. त्यांचा दावा खोटा ठरला आणि आपला खरा आहे, हा फरक मोठा आहे, हे आम्हांस मान्य. तरी प्रश्न तोच राहतो : उद्या ऊसतोड कामगाराचे मूल, पारध्याच्या पालावरचे मूल, रात्री पत्र्याची पेटी घेऊन आपल्या दाराशी आले, तर आपण प्रथम काय विचारणार? तूर्त आपण इयत्ता विचारतो, आणि जेवलास का, असे विचारतो. शाळेचे सर्वांत मोठे संचित ते हेच, असे आम्ही मानतो.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात आम्ही 'सार्वजनिक मालमत्ता' या घटकावर यादी करावयास सांगितली. मुलांनी एसटी, रेल्वे, दवाखाना, तलाठी कार्यालय असे नेहमीचे लिहिले. एका मुलीने शेवटी लिहिले होते, 'आपले वसतिगृह'. शेजारची मुलगी म्हणाली, "ते संस्थेचे आहे, सार्वजनिक नाही." पहिली म्हणाली, "मला कुणी विचारले नाही तू कोणाची, मग ते सार्वजनिकच." आम्ही त्या उत्तराला पूर्ण गुण दिले. कायद्याच्या पुस्तकातही याहून वेगळे काही नाही.

मग मुलाखतीत मान खाली घालावी लागणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याचे काय? त्याच्या दुःखाला उत्तर दिले पाहिजे. आमच्या मते ते उत्तर पाटीत नाही, वर्गात आहे. इंग्रजी उत्तम शिकविलीच पाहिजे, सर्व मुलांना, पाचवीपासून, विनाशुल्क. त्यासाठी चांगले शिक्षक आणावेत, आणि त्यांचे वेतन ज्यांना परवडते अशा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीतून द्यावे. शुल्क देणारा आपल्या मुलासाठी देतो. वर्गणी देणारा न पाहिलेल्या मुलासाठी देतो. आपण सारे दुसऱ्या प्रकारच्या पैशावर शिकलो आहोत. त्याचबरोबर प्रवेशाचे नियम आणि वर्षाचा जमाखर्च दर्शनी भिंतीवर लावावा, म्हणजे 'जाहीर' हा अर्थही पुरा होईल.

एवढे झाल्यावर ज्यांना नावात 'पब्लिक' हवे आहे, त्यांनी ते खुशाल घालावे. आमचा विरोध शब्दाला नाही. या एका विशेषणासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला आणि दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. ते आपल्या हक्काचे आहे. मात्र ते घालताना बोले ठरावाच्या अर्थाने घालावे, ईटनच्या अर्थाने नव्हे. संस्थेच्या सभेत हा विषय येईल तेव्हा सभासदांनी, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी जरूर उपस्थित राहावे आणि आपले मत मांडावे. ती सभाही पब्लिकच आहे.

जय भीम.